हायपर की हायपो?

मैत्रिणींनो, परवा दुपारी आमच्या लालबागच्या चाळीतल्या शेजारच्या काकू दोन केसपेपर घेऊन आल्या. एक त्यांचा, एक त्यांच्या जावेचा. "अगं, मलाही थायरॉइड निघालाय. जाऊबाईंच्या गोळ्या उरल्यात, त्याच सुरू करते. नवीन कशाला विकत आणायच्या?"

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पोटात धस्सच झालं. जावेच्या कागदावर लिहिलं होतं 'हायपोथायरॉइड' आणि काकूंच्या कागदावर 'हायपरथायरॉइड'. शब्द अगदी जुळ्या बहिणींसारखे, पण अर्थ पूर्ण उलटे!

हे शब्द मूळचे ग्रीक. 'हायपर' म्हणजे जास्त आणि 'हायपो' म्हणजे कमी. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी काम करू लागली की थकवा येतो, वजन वाढतं, थंडी सोसत नाही. जास्त काम करू लागली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, वजन उतरतं. जावेची गोळी कमी पडणारं हार्मोन भरून काढणारी. काकूंच्या अंगात ते आधीच जास्त! ती गोळी घेतली असती तर हृदयावरच ताण आला असता.

मधुमेहातही हीच जोडी भेटते. 'हायपोग्लायसेमिया' म्हणजे रक्तातली साखर उतरणं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यायचं. 'हायपर' असेल तर साखर मुळीच नको.

आणखी एक जोडी म्हणजे 'एमजी' आणि 'एमसीजी'. थायरॉइडची ही गोळी एमसीजीत मोजतात. एक एमजी म्हणजे तब्बल १००० एमसीजी!

आमच्या परळला केईएम १९२६ पासून आहे, टाटा हॉस्पिटल १९४१ पासून. मोठमोठे डॉक्टर हाकेच्या अंतरावर, पण घरी आणलेला कागद आपल्याला कळायला नको का? मी बी.ए. झालेली, तरी हे शब्द मलाही दोनदा वाचावे लागले. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं, "कमी की जास्त?" आणि उत्तर तिथेच मराठीत लिहून घ्यावं. दुसऱ्याची गोळी तर कधीच घेऊ नये.

संध्याकाळी मी काकूंबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांची औषधं वेगळीच निघाली. आता काकूंच्या केसपेपरवर लाल पेनाने ठळक लिहिलंय, 'जास्त'.