बीच बग्गी : शब्द, यंत्र आणि वाळू

बेंगळुरूच्या के. आर. पुरमपासून सर्वांत जवळचा समुद्रकिनाराही अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही बेंगळुरूतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची, चार उघड्या चाकांची एकआसनी गाडी बांधतात आणि ती इंदूरजवळच्या पीथमपूरला ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेसाठी नेतात. ही गाडी ज्या वाहनाच्या घराण्यातली आहे, त्या बीच बग्गीचा परिचय या टिपणात करून घेऊ.

‘बग्गी’ शब्द आपल्याला नवा नाही. वरातीतली घोड्यांची बग्गी सर्वांनी पाहिलेली असते. मराठीत हा शब्द इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो अठराव्या शतकापासून हलक्या घोडागाडीसाठी वापरात आहे, पण त्याच्या मुळाबद्दल कोशकारांचे एकमत नाही. पुढे घोडा गेला, मोटार आली आणि हलक्या, उघड्या गाडीला तेच नाव चिकटले. वाळूच्या टेकड्यांवर हिंडणारी म्हणून अमेरिकेत ‘ड्यून बग्गी’, तर ब्रिटनमध्ये ‘बीच बग्गी’. वाहन मात्र एकच. यातल्या बहुतेक गाड्या फोक्सवॅगन बीटलवर उभ्या होत्या आणि बीटलचे लाडके नाव होते ‘बग’, म्हणजे किडा. त्यामुळे ‘बग्गी’ या शब्दाला आपोआप एक श्लेषही मिळाला.

या वाहनाला आजचे रूप दिले ते कॅलिफोर्नियातील ब्रूस मेयर्स यांनी. ते नावा बांधत आणि फायबरग्लासचे काम त्यांच्या हातात बसलेले होते. 1964 साली त्यांनी ‘मेयर्स मॅंक्स’ ही बग्गी तयार केली. नंतरच्या मॅंक्ससाठी बीटलचा तळ सुमारे 36 सेंटीमीटरने आखूड करून त्यावर फायबरग्लासचा साचा बसवला जाई. 1967 मध्ये मेयर्स आणि टेड मॅंगल्स यांनी मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हे अंतर 34 तास 45 मिनिटांत कापून मोटारसायकलचा विक्रम मोडला. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या नावातला ‘बाहा’ (आपल्याकडे पुष्कळजण ‘बाजा’ म्हणतात) याच द्वीपकल्पाचा.

आता मूळ प्रश्न. बीटलसारखी साधी गाडी वाळूत इतकी सरस का ठरली? तिचे इंजिन मागे, म्हणजे थेट चालक चाकांवर भार टाकणारे. ते हवेने थंड होणारे, त्यामुळे रेडिएटरची कटकट नाही. फायबरग्लासमुळे वजनही उतरले. उरलेले काम टायर करतात. टायरचा जमिनीवरील दाब हा ढोबळमानाने त्याच्या आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. समजा, चालकासह बग्गीचे वस्तुमान 600 किलोग्रॅम आहे आणि भार चारही चाकांवर सारखा वाटला गेला आहे. प्रत्येक चाकावर सुमारे 1470 न्यूटन बल येईल. हवेचा दाब 200 किलोपास्कल असेल, तर प्रत्येक टायरचे स्पर्शक्षेत्र साधारण 74 चौरस सेंटीमीटर. हवा सोडून दाब 80 वर आणला, तर तेच 184 होते. पसरट पावलाचा उंट वाळूत रुतत नाही, त्याचे कारणही हेच. (गणित सोपे आहे, पण हवा सोडण्याऐवजी ॲक्सिलरेटर दाबत राहणारे पर्यटक कोकणातल्या किनाऱ्यांवर दर सुट्टीत दिसतात. चाक जागच्या जागी फिरते, खड्डा खोल होत जातो आणि तेवढ्यात भरती येते.)

मात्र दाब कमी झाला म्हणजे वाळूला इजा होत नाही, असे समजू नये. जोर लावणारे चाक वाळूचा थर आडवा कापते, आणि टेकडी धरून ठेवणाऱ्या वेलींची मुळे या वरच्या थरातच असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत हाताने उकरता येईल इतक्याच खोलीवर अंडी घालतात. वरून गाडी गेली की वाळू घट्ट दाबली जाते. अंड्यातून निघालेली पिल्ले वर आलीच, तरी चाकाच्या चाकोरीत अडकतात आणि समुद्राकडे जाण्याऐवजी तिच्यातूनच चालत राहतात. 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संवेदनशील गटात ठेवल्या आहेत.