चिप दळण्याची गिरणी निवडताना

या वसतिगृहातून शिकून गेलेले आमचे काही विद्यार्थी आज धाटावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांवर काम करतात. सुट्टीत भेटीस आले की त्यांच्यापैकी एखादा विचारतो, "सर, जुन्या संगणकांच्या चिपमधून सोने निघते म्हणतात. त्या दळायला कोणती मिल घ्यावी?" प्रश्न भाबडा नाही. खाणीतील एक टन दगडात काही ग्रॅम सोने असते. संगणकाच्या एक टन सर्किट बोर्डांत ते कित्येक पटींनी अधिक भरते. परंतु कर्ज काढून यंत्र घेण्यापूर्वी आपण काय दळणार आहोत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

चिपचे काळे आवरण निव्वळ प्लास्टिक नव्हे. त्याचा वजनाने मोठा भाग सिलिकाची, म्हणजे गारेची, भुकटी असून ती इपॉक्सी राळेने बांधलेली असते. आत सिलिकॉनचा तुकडा आणि त्याला बाहेरच्या पायांशी जोडणाऱ्या सोन्याच्या तारा. त्यांची जाडी साधारण २५ मायक्रॉन, केसाच्या निम्म्याहून कमी. अलीकडच्या पुष्कळ चिपमध्ये तर सोन्याऐवजी तांब्याच्या तारा असतात, म्हणून प्रत्येक चिपमध्ये सोने आहे असे धरून हिशेब मांडू नये.

भातशेतीच्या आपल्या मुलखात पुढची गोष्ट समजावणे सोपे आहे. चांगल्या गिरणीत तूस निघते आणि दाणा अखंड राहतो. येथेही आवरण फोडायचे आहे, सोने नव्हे. सोने फुटत नाही, चेपते. पेणला भाताचे पोहे होतात, तसे फार वेळ गोळ्यांखाली राहिलेल्या सोन्याचेही पोहे होतात. असे पातळ पापुद्रे, सोने पाण्याच्या १९ पट जड असूनही, धुताना पाण्यावर तरंगून निघून जातात. पाण्यात साबणाचा थेंब टाकला की ते बरेचसे बुडतात, हे जाणकार कारागिरांना ठाऊक असते.

हॅमर मिल झटपट फोडते. पण गारेने तिचे हातोडे लवकर झिजतात, लोखंडाचा चुरा मालात मिसळतो आणि वाऱ्याबरोबर बारीक धूळ उडते. लहान प्रमाणावर आम्ही बॉल मिलच सुचवू, कारण ती बंदिस्त असते आणि पाणी घालूनही चालते. मात्र वेग जपावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पिंपात अडीच सेंटिमीटरचे गोळे असतील, तर मिनिटाला सुमारे ८० फेऱ्यांवर ते भिंतीला चिकटूनच फिरतात आणि दळण थांबते. म्हणून ५५ च्या आसपास ठेवावा. थोडे दळावे, चाळावे, वर राहिलेले पुन्हा घालावे. पायांचे लोखंडी तुकडे चुंबकाने निघतात.

खरी अडचण मिलच्या आधीची आहे. राळ जाळून टाकली तर आवरण ठिसूळ होते आणि दळण हलके जाते. परंतु तिच्यात आग रोखणारी ब्रोमिनयुक्त द्रव्ये असू शकतात आणि उघड्यावर जाळल्यास विषारी धूर निघतो. त्यासाठी धूर शुद्ध करणारी बंद भट्टी लागते. न जाळता कोरडे दळले, तर सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. सिलिकोसिस बरा होत नाही, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. पुढे आम्लांचे काम असते. त्याचे सांडपाणी कुंडलिकेत सोडण्याचा विचारही कोणी करू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. घराच्या पडवीत हा उद्योग बसत नाही.

तेव्हा आधी एखाद्या नोंदणीकृत कारखान्यात काम शिकावे. पुढे यंत्र घेण्याची वेळ आलीच, तर विक्रेत्याकडे आपलाच किलोभर माल दळून पाहावा. दळणाआधी आणि नंतर वजन करावे, आणि चाळणीवर राहिलेला चोथा भिंगाखाली पाहावा. पिवळी तार अखंड दिसली, तर मिल योग्य आहे. पापुद्रे दिसले, तर वेळ कमी करून पुन्हा दळायला सांगावे.