खिशातला फ्यूज

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटरखोलीत ठेकेदाराने पाठविलेला विशीतला एक मुलगा, पायांत झिजलेल्या चपला आणि हात उघड्या पॅनेलमध्ये, असा उभा दिसला; परवाना विचारता 'तो शेठकडे असतो' असे तो सहज म्हणाला, आणि ते उत्तर माझ्या जिव्हारी लागले.

विजेसंबंधीचा १९१० चा अधिनियम, २००३ चा कायदा, २०१० चे विनियम, त्यांच्या जागी आलेले २०२३ चे. यांत मी रेंगाळत नाही. परंतु १९५६ च्या वीज नियमावलीतील पंचेचाळिसावा नियम विजेचे काम करणाऱ्या आम्हांस मुखोद्गत असे: दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाकडूनच करवावे.

सत्तरच्या दशकात मुंबईच्या गिरणगावातील एका गिरणीत त्या नियमाला देह होता. आमचे थोरले वायरमन, ज्यांना सारे खाते मामा म्हणे, मेन स्विच पाडून फ्यूज स्वतःच्या खिशात घालीत, फलक टांगीत आणि मगच टेस्टलॅम्प घेत. तो आधी चालू जागी पेटवून पाहावयाचा, मग बंद केलेल्या जागी लावावयाचा, आणि पुन्हा चालू जागी, कारण दिवाच गेलेला असेल तर तोही 'वीज नाही' असेच सांगतो. एके रात्री विणकामाचे साचेखाते खोळंबले म्हणून पदवीधर साहेबांनी फ्यूज मागितले. आम्ही दोघे तारांवर होतो, आणि मामांनी ते दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती हुकूमअदुलीचा मेमो पडला व चार दिवसांचा पगार गेला. त्या साहेबांना मी अद्याप क्षमा केलेली नाही. त्यांची पदवी खरी होती, हुद्दा खरा होता. पण त्या रात्री त्या खात्यात सक्षम मनुष्य एकच होता.

१९८२ च्या गिरणी संपानंतर माणसे पांगली. मामा गावी गेले, आणि त्यांच्या हाताखाली पुढे जी पोरे तयार व्हावयाची ती झालीच नाहीत. आज तशीच न घडलेली पोरे रोजंदारीवर येतात, आणि त्यांच्या नावाचे परमिट विचारण्याची तसदी ना ठेकेदार घेतो ना सोसायटीचे चिटणीस.

त्या मुलाला मी बाजूला घेतले, मेन स्विच पाडून फ्यूज काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. ते कुठे ठेवायचे, असे त्याने मला विचारले.