मेगापिक्सेल वाढले की नॉइज वाढतो का?

कमी उजेडात काढलेला फोटो मोठा करून पाहिला, की सावलीच्या भागात रंगीत ठिपके उठलेले दिसतात. हाच नॉइज. मेगापिक्सेल जास्त म्हणजे नॉइज जास्त, हा त्याबद्दलचा समज अर्धाच खरा आहे.

नॉइजचे मोठे कारण प्रकाशातच असते. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, सेन्सरवर ठरावीक लयीत येत नाहीत. सारख्याच उजेडातल्या भिंतीचा फोटो घेतला, तरी शेजारच्या दोन पिक्सेलांवर पडणारे फोटॉन कमीजास्त असतात. ही तफावत सरासरीच्या वर्गमुळाइतकी असते. पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर ती १००, म्हणजे १ टक्का. सेन्सर तेवढाच ठेवून पिक्सेल चौपट केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २,५०० फोटॉन येतात. तफावत ५०, म्हणजे २ टक्के होते. सुटा पिक्सेल तपासला तर नॉइज दुप्पट. पण संपूर्ण फोटो पाहताना ते चार पिक्सेल मिळून पुन्हा १०,००० फोटॉनच भरतात आणि तफावत १ टक्क्यावर येते. म्हणूनच दोन्ही फोटो एकाच आकारात छापले, की फरक फारसा उरत नाही.

सोनीच्या ए७एस आणि ए७आर या कॅमेऱ्यांचे सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचेच. पिक्सेल मात्र अनुक्रमे सुमारे १.२ कोटी आणि ३.६ कोटी. ए७आरचा फोटो १२ मेगापिक्सेलवर आणला, की नेहमीच्या उजेडात दोघांतला फरक बराच कमी होतो. अगदी अंधुक उजेडात मात्र ए७एस सरस ठरतो. प्रत्येक पिक्सेलमधला विद्युतभार मोजताना इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थोडा नॉइज स्वतःहून घालते. पिक्सेल जास्त, तितक्या वेळा ही भर पडते. आणि फोटॉनच मोजके असले की ती डोळ्यांत भरते.

मोबाइलमध्ये हा हिशेब उलट्या दिशेने वापरतात. २०२० च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस२० अल्ट्रामध्ये १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. त्यातले नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो तयार होतो. पण त्या सेन्सरचे क्षेत्रफळ ए७एसच्या सुमारे बाराव्या हिश्श्याएवढेच आहे. अ‍ॅपर्चरचा आकडा आणि शटरचा वेग सारखा ठेवला, तर एकूण प्रकाशही तेवढाच कमी मिळतो, आणि ही तूट पिक्सेल एकत्र करून भरून निघत नाही. त्यामुळे कमी उजेडातल्या फोटोसाठी कॅमेरा निवडताना आधी सेन्सरचा आकार आणि लेन्सचे अ‍ॅपर्चर पाहावे. मेगापिक्सेलचा विचार त्यानंतर.