पोर कशात रमते, पाहिलेत का?

दहावीचा निकाल लागला, की ओसरीवर सल्ला द्यायला गाव गोळा होतो. कोणी म्हणतो इंजिनिअर करा, कोणी म्हणतो मास्तर. पोराला विचारावे, तर ते बापाच्या तोंडाकडे बघून उत्तर देते! म्हणून विचारण्यापेक्षा पाहावे. न सांगता ते कोणत्या कामाला हात घालते? मोटार बंद पडली, की ताट सोडून विहिरीकडे पळणारा मुलगा असेल, तर आय.टी.आय.त वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तर शाळेतही गेल्या नाहीत. गावरान बियाणे जपण्याचा त्यांना नाद. त्याच कामासाठी २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली.

आणि मुलगी गोठ्यात रमत असेल तर? ‘पोरीचे काम नव्हे’ म्हणून तिला गप्प करू नका. गुरांची डॉक्टर व्हायचे, तर अकरावी-बारावीला जीवशास्त्र हवेच. मग ‘नीट’ परीक्षा आणि पुढे साडेपाच वर्षे. म्हणजे विषय घेतानाच ठरवायला हवे, मागून हळहळून उपयोग नाही. खर्चाचा हिशेबही आताच मांडा.

मात्र वासराला कुरवाळणे वेगळे आणि मध्यरात्री अडलेली गाय सोडवणे वेगळे. सुट्टीत चार दिवस तिला ओळखीच्या पशुवैद्यकाबरोबर पाठवा. शेणाने माखून, दमून घरी आली, तरी ‘उद्या किती वाजता निघायचं?’ असे विचारते का, ते बघा.