आई, तू आधी ऐक तरी!

संध्याकाळची वेळ. सासूबाईंचा हरिपाठ चाललेला, कुकरची दुसरी शिट्टी झालेली आणि नेमकी त्याच वेळी चिरंजीवांच्या मोबाइलमधली हेडफोनची पिन निघाली. मग घरभर जे काही ऐकू आलं ते इथे छापता येणार नाही. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, हे आमचं नशीब! त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, ‘‘कोण एवढं भांडतंय गं?’’

मी स्वयंपाकघरातून ओरडले, ‘‘बंद कर ते आधी!’’ तर लेक शांतपणे म्हणाला, ‘‘आई, तू आधी ऐक तरी. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगतेस ना, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी बोलणार नाही म्हणून? मग घरात वेगळा नियम का?’’

मैत्रिणींनो, स्वतःची मुलं आपलीच वाक्यं आपल्यावर फेकतात तेव्हा काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मी आमच्या गावातल्या महिला समुपदेशन केंद्रात आठवड्यातून तीन दिवस बसते. हे वाक्य माझंच. नाही कशी म्हणणार?

ठरलं. त्याच्या सुट्टीत दुपारची आवराआवर झाली की आम्ही दोघं बसायचं आणि एकेक हिप-हॉप अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मध्येच उठायचं नाही. त्याने गाण्यांचे शब्द छापून आणायचे. माझं बी.ए. मराठीचं, इंग्रजी पेपर वाचण्यापुरतं. निम्मे शब्द डिक्शनरीत सापडेनात. मी अर्थ विचारला की लेकाचे कान लाल व्हायचे. ‘‘ते... ते असंच असतं गं,’’ म्हणायचा. असंच म्हणजे कसं ते मला कळत होतंच!

शिवाय आमच्या पिढीला अल्बम म्हणजे कॅसेट. ए बाजू, बी बाजू, आठ गाणी, त्यातली दोन चांगली. इथे एकेक अल्बम तासाभराचा. गाण्यांच्या मधेमधे बोलणं, फोनवरचे निरोप, भांडणं. श्रुतिकेसारखं वाटतं. आपण आकाशवाणीवर ऐकायचो ना, तसं.

सुरुवातीलाच त्याने एक गोष्ट सांगितली आणि मी जरा विरघळले. हिप-हॉपचा जन्म मानतात तो ११ ऑगस्ट १९७३ चा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी होती. रेकॉर्ड वाजवणारा मुलगा पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. पण ती पार्टी ठरवली कोणी? त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्बेलने. शाळा सुरू होणार होती, नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून! मुलींना पंचवीस सेंट तिकीट, मुलांना पन्नास. पुढे १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणं गाजलं, त्याची रेकॉर्ड काढणारीही एक बाईच, सिल्व्हिया रॉबिन्सन. म्हणजे हे घर उभं केलं बायकांनी आणि त्याच घरात पुढे बायकांना शिव्या! ‘‘ओळखीचं वाटतंय,’’ मी म्हटलं. लेक हसला नाही.

पहिला अल्बम त्याने मुद्दाम माझ्यासाठी निवडला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. लॉरिन हिलचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’, १९९८ चा. सुरुवातीला शाळेची घंटा वाजते आणि शिक्षक हजेरी घेतात. एकेक मूल ‘हजर’ म्हणतं. लॉरिनचं नाव येतं आणि उत्तरच येत नाही. ती गैरहजर. मग अधूनमधून तोच वर्ग ऐकू येतो. मास्तर मुलांना विचारतायत, प्रेम म्हणजे काय? मुलं लाजत, अडखळत बोलतायत. आमच्या किशोरी गटात मी हाच प्रश्न विचारला होता तेव्हा मुली ओढणीचं टोक चावत बसल्या होत्या. वर्ग घेणारे हे गृहस्थ कवी रास बराका. पुढे २०१४ मध्ये ते नेवार्क शहराचे महापौर झाले.

त्यातलं ‘टू झायन’ हे गाणं मी तीनदा लावायला लावलं. झायन हा तिचा पहिला मुलगा. गाण्यात नाव जोरात असताना दिवस गेले, तेव्हा लोकांनी तिला ‘करिअरचा विचार कर’ म्हणून सांगितलं होतं. तिने मूल होऊ दिलं आणि त्यावर गाणं केलं. मागे गिटार कार्लोस सँटाना यांची. हे ऐकून ‘बाईने आईच व्हावं’ असा अर्थ कोणी काढू नका हं! मला आवडलं ते हे की निर्णय तिचा होता आणि तो तिने मोठ्याने सांगितला. वय किती? अल्बम आला तेव्हा २३. १९९९ मध्ये तिला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यात वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम हाही होता. हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

अल्बमवर काम केलेल्या काही वादकांनी ‘आमचं श्रेय दिलं नाही’ म्हणून तिच्यावर दावा लावला होता, तो २००१ मध्ये आपसात मिटला. तिचा स्टुडिओतला दुसरा स्वतंत्र अल्बम काही आला नाही. मला वाईट वाटलं. लेकाचं म्हणणं, एक असा केला की पुरे. पुरुषांना बरं पुरतं एकात!

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टर ड्रेचा ‘द क्रॉनिक’ लावला, १९९२ चा. संगीत छान आहे, हे मान्य करते. संथ, डुलवणारं, उन्हाळ्याच्या दुपारसारखं. पण बायकांबद्दल जे बोललंय ते ऐकून मी शेवटचं गाणं पूर्ण होण्याआधी उठले. नियम मोडला तो एवढाच. या माणसाने १९९१ मध्ये डी बार्न्स या टीव्हीवरच्या पत्रकार तरुणीला एका पार्टीत मारहाण केली होती. मी दुखावलेल्या बायकांची माफी मागतो, असं त्याने जाहीरपणे म्हटलं ते २०१५ मध्ये. चोवीस वर्षांनी! यावर जास्त लिहीत नाही.

टुपाक शकूरवर मात्र लिहायलाच हवं. त्याच्या ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ या १९९५ च्या अल्बममध्ये ‘डिअर मामा’ हे गाणं आहे. आई अफेनी. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षातली. पोटात टुपाक असताना खटल्यात अडकली, कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली, निर्दोष सुटली आणि महिन्याभरात बाळंत झाली. पुढे व्यसनात सापडली. मुलगा गाण्यात काहीच लपवत नाही. आईचं व्यसन, घरातली गरिबी, त्याने तिला दिलेला त्रास, सगळं सांगतो आणि तरी तिचे आभार मानतो. माझे डोळे भरून आले. लेकाने गुपचूप पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग त्यानेच सांगितलं, हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा टुपाक तुरुंगात होता. कशासाठी? एका तरुणीवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात. आरोप त्याने शेवटपर्यंत नाकारला, पण कोर्टाने शिक्षा दिली होती. १९९६ मध्ये, अवघ्या २५ व्या वर्षी तो गोळ्या लागून गेला.

मी ग्लास खाली ठेवला. केंद्रात माझ्यासमोर अशी माणसं बसतात. आईचं नाव काढलं की रडतात. ‘‘मॅडम, आईसाठी जीव देईन!’’ आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या हातावर पट्ट्याचे वळ असतात. आई देव्हाऱ्यात आणि बाकीच्या बायका पायरीशी, ही वाटणी ब्राँक्सपासून आमच्या तालुक्यापर्यंत सारखीच. लेकाने विचारलं, ‘‘मग गाणं खोटं का?’’ नाही. गाणं खरं आहे. तेच तर अवघड आहे.

एमिनेमबद्दल घरात खरं भांडण झालं. ‘द मार्शल मॅदर्स एलपी’, सन २०००. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत १७ लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यात ‘स्टॅन’ नावाचं गाणं आहे, एका वेड्या चाहत्याच्या पत्रांचं. पत्रामागून पत्र, पार्श्वभूमीला पाऊस, उत्तर येतं तोवर उशीर झालेला. लघुकथा म्हणून कुठल्याही दिवाळी अंकात शोभली असती. आणि त्याच अल्बममध्ये ‘किम’. किम ही त्याची खरोखरची बायको. गाण्यात तो तिच्यावर ओरडतो आणि शेवटी तिचा खून करतो. लेक म्हणाला, ‘‘आई, ते पात्र आहे. नाटकातला खलनायक खून करतो तेव्हा तू लेखकाला पकडतेस का?’’

मुद्दा बिनतोड होता. पण नाटकातल्या बाईला लेखकाच्या बायकोचं खरं नाव नसतं. ते नाव घेऊन ती बाई रोज बाजारात जात असेल, मुलीला शाळेत सोडत असेल. मी म्हटलं, ‘‘तो ओरडण्याचा आवाज मी ओळखते रे. बायका फोनवर रेकॉर्ड करून आणतात, आम्हाला ऐकवतात. तुला ते नाटक वाटतं, कारण तुझ्यावर कोणी तसं ओरडलेलं नाही.’’ तो गप्प झाला. रात्री जेवताना हे विचारत होते, ‘‘काय, आज अबोला का?’’

एक मात्र नोंदवते. आईला गाण्यांतून वाटेल ते बोलणाऱ्या या मुलाने, २०१३ च्या ‘हेडलाइट्स’ या गाण्यात तिची क्षमा मागितली. आई २०२४ च्या डिसेंबरमध्ये वारली. म्हणजे तिने ऐकलं असेल.

दोन दिवस सुट्टी घेऊन मग क्वीन लतिफा ऐकली. एकोणिसाव्या वर्षी पहिला अल्बम काढून स्वतःला राणी म्हणवून घेणारी! १९९३ च्या ‘ब्लॅक रेन’मधलं तिचं ‘युनिटी’ हे गाणं रस्त्यात अंगाला हात लावणाऱ्यांवर आणि घरात हात उगारणाऱ्यांवर आहे. ग्रॅमीही मिळालं त्याला. अल्बममधली बाकीची गाणी मला साधारण वाटली, पण हे एक मी किशोरी गटात लावलं. शब्द कळले नाहीत तरी मुलींना सूर कळला. एक म्हणाली, ‘‘बाई, ही चिडलीय, पण रडत नाहीये.’’ या मुलींनी ‘गली बॉय’ पाहिलेला, त्यामुळे रॅप म्हणजे मुलग्यांचं काम असं त्यांना वाटायचं.

जे-झीचा ‘४:४४’ हा २०१७ चा. त्यात त्याने बायकोची, बियॉन्सेची, माफी मागितलीय. चांगलं आहे. पण तिचा ‘लेमोनेड’ आदल्या वर्षी येऊन सगळ्या जगाला कळल्यावर, हेही खरं!

आणि शेवटी केंड्रिक लमार. ‘गुड किड, मॅड सिटी’, २०१२. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन गावच्या पोराची गोष्ट. आईची गाडी घेऊन गेलाय आणि आई फोनवर निरोप ठेवतेय, गाडी आण म्हणून. मला हसू आलं, कारण आमच्या स्कूटीचं हेच! अल्बममध्ये एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आहे, भडकलेल्या पोरांना प्रार्थना म्हणायला लावणारा. तो चक्क माया अँजेलो यांचा. त्यांचं आत्मचरित्र मी मागे वाचलं होतं, म्हणून कान टवकारले.

पण मी अडकले ती बारा मिनिटांच्या एका लांबलचक गाण्यात. केंड्रिकने आधीच्या अल्बममध्ये देहविक्रय करणाऱ्या, शेवटी मारल्या गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगितली होती. त्याचं कौतुक झालं. या गाण्यात तो त्या मुलीच्या बहिणीच्या तोंडून बोलतो. बहीण त्यालाच झापते. तुला कोणी सांगितलं होतं माझ्या बहिणीची गोष्ट जगाला सांगायला? मी विसरली जाणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहते आणि तिचा आवाज हळूहळू कमी होत जातो. मला वाटलं मोबाइल बिघडला. लेक म्हणाला, ‘‘नाही, ते तसंच आहे.’’

पाच-सहा वर्षांपूर्वी मी एका लेखात केंद्रातल्या एका बाईची हकिकत लिहिली होती. नाव बदललं, गाव बदललं. लेख छान झाला, पत्रं आली, सत्कारही झाला एका मंडळात. पंधरा दिवसांनी तिची धाकटी बहीण दारात उभी. ‘‘ताई, तुम्ही नाव बदललं, पण तीन मुली आणि भाजलेला हात नाही बदलला. अख्ख्या आळीला कळलं.’’ मी तिला चहा विचारला. ती घेतला नाही म्हणून मला राग आला होता, हे आज कबूल करते. माझं काय चुकलं, मी तर चांगल्यासाठीच लिहिलं, असं मी ह्यांना रात्री सांगत बसले होते.

केंड्रिकने निदान त्या बहिणीला गाण्यात जागा दिली. मी दिली नव्हती. हे सगळं लेकाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘‘मग तू आता तिच्याबद्दल परत लिहिणार?’’

मी तिचा पत्ता शोधला. बहीण आता शेजारच्या तालुक्यात दिली आहे. गेल्या मंगळवारी एसटीने गेले. हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. तीन मुली आणि भाजलेला हात यांतली एक गोष्ट तिने बदलायला लावली, ती बदलली आहे. कुठली, ते सांगत नाही. चहा या वेळी तिने केला.