कोयता हातास बसणारा घ्यावा
माण येथे बांधावरची बाभूळ व घाणेरी तोडण्यास कोयता लागतोच. घेतेवेळी आमचे शेतकरी बंधू पात्याची लकाकी व किंमत पाहतात, मूठ पाहत नाहीत. आम्हीही एकदा तसेच फसलो. घामेजल्या हातांत जाड मूठ फिरली व डावा अंगठा थोडक्यात वाचला. मूठ आवळली असतां बोटांची टोके तळव्यास जेमतेम टेकावीत. जाड मूठ कानशीने उतरवितां येते, बारकीस चिंध्या गुंडाळण्यावाचून उपाय नाही. शेंबी घट्ट असावी. मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादांत शेकडा अर्ध्याहून किंचित अधिक कर्ब असतो. लोहाराने पाणी नीट दिले असल्यास असले स्वस्त पातेंही धार टिकवितें. गंजतें खरें, पण तेलाचें बोट फिरविण्यास कितीसा वेळ लागतो? बाजारांत दोन-चार कोयते हातीं धरून, हवेंत फिरवून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावें.